पुढच्या चाकातली हवा

पुढचं चाक टबातल्या पाण्यात बुडवून तो बाथरूममध्ये स्टुलावर बसला होता, आणि सकाळपासून एकही बुडबुडा वर आला नव्हता.

"लीक आहे," तो म्हणाला. "बुडबुडा लाजतोय फक्त."

"ती आलीय," बायको दारातून म्हणाली. "जिना चढतेय."

"तिला सांग, नादुरुस्त वस्तू मी कुणाला देत नाही."

"तुम्हीच सांगा. मला काय तेवढंच काम आहे?"

ती म्हणजे मुलीची मैत्रीण. मुलगी वारल्यापासून तिची डोंगरात चालवायची सायकल बाहेरच्या खोलीत उभी होती. रविवारच्या शर्यतीत ती मैत्रिणीने चालवावी असं बायकोने ठरवलं होतं. त्यानेही मान हलवली होती. हवा टिकली पाहिजे, एवढीच त्याची अट होती. आणि हवा टिकत नव्हती.

टायर ट्यूबलेस. आत ट्यूब नाही. नुसती हवा आणि दुधासारखं पांढरं सीलंट, बारीक भोक पडलं तर आतून आपोआप बुजवणारं. त्याने ते इतक्यांदा ओतलं होतं, की चाक उचललं की पोटभर पाणी पिऊन धावणाऱ्या माणसासारखा डुचुक डुचुक आवाज यायचा. व्हॉल्व्ह बदलून झाला होता. रिमची टेप उखडून नवी लावून झाली होती. भांड्यांचा साबण सगळा टायरवर खर्च झाल्यामुळे भांडी अंगाच्या साबणाने घासली जात होती, आणि ताटांना गुलाबाचा वास येत होता.

मैत्रीण बूट हातात घेऊनच आत आली. बाथरूममध्ये तिघं उभी राहू शकत नव्हती, म्हणून बायको कमोडच्या झाकणावर बसली, पदर सावरून, बैठकीत बसावं तशी.

"रोज किती उतरते, काका?"

"थोडी. पण रोज. सकाळी भरावी, दुसऱ्या सकाळी बघावं तर कमी."

"साबणाचं पाणी मारून बघितलं?"

"साबणाचं नाव काढू नकोस," बायको म्हणाली.

मैत्रिणीने चाक वर काढलं. कानाशी धरून सावकाश फिरवलं. कडेकडेने अंगठा दाबत एक पूर्ण फेरी मारली.

"टायर ठणठणीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही रोज करता काय, ते दाखवा बरं."

त्याने शर्टाच्या खिशातून हवा मोजायचं गेज काढलं. दुसरी माणसं पेन ठेवतात तिथे तो गेज ठेवायचा. व्हॉल्व्हची टोपी काढली, गेज दाबलं. फुस्स. आकडा बघितला. पटला नाही, म्हणून परत दाबलं. फुस्स.

"काका."

"हं."

"गेज लावलं की दर वेळी थोडी हवा जाते."

"थोडीच."

"थोडी थोडीच जाते ना. पण तुम्ही बघून झाल्यावर भरता. मग दुसऱ्या सकाळपर्यंत कमी कशी होते? मधे कोण बघतं?"

"कोणी नाही," तो म्हणाला.

बायको नळाकडे बघत होती.

"दुपारी मी बघते," ती म्हणाली. "हे झोपले की."

"तू?"

"बघते फक्त."

"माझ्या खिशातून काढून?"

"शर्ट खुंटीला असतो तेव्हा. तुमच्या अंगावरून नाही काढत."

"किती वेळा बघतेस?"

"मला तो बारीक आकडा नीट दिसत नाही," बायको म्हणाली. "दिसेपर्यंत बघते."

मैत्रिणीने चाक भिंतीला टेकवलं. "मग झालं तर. लीकबिक काही नाही. नुसतं बघायचं बंद करा, हवा राहील."

"बघायचं नाही," तो म्हणाला, डॉक्टरने सांगितलेलं पथ्य पाठ करावं तसा. मग त्याने विचारलं, "मग सकाळी उठून काय करायचं?"

पाणी किती वाजता येतं, असं विचारावं तितक्याच साधेपणाने त्याने ते विचारलं होतं. तो उत्तराची वाट बघत राहिला. बायकोलाही ते हवं असावं, कारण तीही मैत्रिणीकडेच बघत होती.

मैत्रिणीने भिंतीला टेकवलेलं चाक उचलून परत पाण्यात घातलं. अर्धं फिरवलं. एका जागी थांबली.

"आहे," ती म्हणाली.

"काय?"

"लीक. हे काय, इथे."

तो वाकला. पाणी स्वस्थ होतं. "मला नाही दिसत."

"फार बारीक आहे."

"माझा चष्मा आण गं."

"चष्म्याने नाही दिसायचं, काका."

बायको झाकणावरून उठली. त्याच्या खांद्यावर हात टेकून तिने पाण्यात बराच वेळ बघितलं.

"दिसलं मला," ती म्हणाली.

"हे चाक मी नाही नेत बाबा," मैत्रीण म्हणाली. "उतारावर हवा गेली तर तोंडावर आपटायची. पुढचं माझ्याकडे आहे एक जुनं."

ती सायकल खांद्यावर टाकून जिना उतरली. मागचं चाक हवेत टकटक फिरत खाली गेलं. खालच्या दारापर्यंत ऐकू आलं, मग नाही.

त्याने उरलेलं चाक टॉवेलने पुसलं. मुलीचाच टॉवेल होता. दुसरा हाताशी नव्हता. चाक बाहेरच्या खोलीत नेऊन, सायकल उभी असायची तिथे टेकवून ठेवलं. ते घरंगळू नये म्हणून बायकोने खाली पायपुसणं सरकवलं.

"आज दुपारी झोपू नका," ती म्हणाली. "मला आकडा वाचून दाखवा."