दुसरी प्रत

"जुनी डिस्क शेवटच्या घटका मोजतेय, अम्मायी," श्रीकला म्हणाली. "आज निघेल तेवढं काढून घेते. मग नवी घालते आणि सिस्टीम कोरी बसवते. घराला रंग द्यायच्या आधी सामान बाहेर काढतो ना, तसं."

"काढ. मी गूळ-खोबरं भरून अडे उकडायला ठेवते," म्हणत तंकमणी टीचर स्वयंपाकघरात गेल्या.

केरळातल्या इरिंजालकुड्यात श्रीकलाचे वडील आणि तिची अम्मायी, म्हणजे आत्या, या भावाबहिणीच्या घरांमध्ये फक्त देवळाचं तळं होतं. पण आजीच्या नारळबागेवरून दोघं कोर्टात गेली आणि तळ्याला वळसा घालून येणंही बंद झालं. परवा अचानक अम्मायीचाच फोन आला. कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, परक्याच्या हातात द्यायचा नाही, येशील का? श्रीकलाने वडिलांना, दिवाकरनना, विचारलं. अच्छन पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "भांडण आमचं आहे. तू जा."

फोटो निघाले. पेन्शनचे कागद निघाले. टीचरांनी आयुष्यभर काढलेल्या रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिका निघाल्या. मग 'कोर्ट' नावाचा फोल्डर आला आणि त्यातल्या एका फाईलवर गाडं अडलं. डिस्क आतून टकटक करायला लागली. पडद्यावर अक्षरं उमटली. ही फाईल वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा, की सोडून पुढे जायचं?

फाईलचं नाव होतं 'अम्मा'.

श्रीकलाला ती न उघडताच कळली. अच्छम्माचं, म्हणजे आजीचं, शेवटच्या उन्हाळ्यातलं बोलणं. बाग तिने मला दिली, ते तिच्याच तोंडून टेप केलंय, असं अम्मायीचं म्हणणं. असं काही बोलणं झालंच नाही, हे अच्छनचं. पुढच्या महिन्यात ते कोर्टात ऐकवायचं होतं. ज्या फोनवर टेप केलं, तो कधीच भंगारात गेला होता; दुसरी प्रत कुठेच नव्हती.

तिचं बोट माऊसवर थांबलं. सोडून पुढे जा. एवढंच दाबायचं. डिस्क जुनी होती, कुणाचा दोष नव्हता, खोटंही बोलावं लागणार नव्हतं. तारखेच्या आदल्या दिवशी अच्छन जेवत नाहीत, ते संपलं असतं. स्वयंपाकघरात अम्मायी नारळ खवत होत्या. एकदाही डोकावल्या नव्हत्या.

श्रीकलाने माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मग कॉम्प्युटर बंद केला, डिस्क सोडवून बाहेर काढली आणि वायरने आपल्या लॅपटॉपला जोडली. डिस्क तापू नये म्हणून टेबलफॅन तिच्याकडे वळवला. दाणा दाणा टिपावा तसं डिस्कवरचं वाचून काढणारा प्रोग्रॅम सुरू केला. तो दोन पावलं पुढे जाई, थांबे, पुन्हा जाई.

अम्मायी केळीच्या पानातले गरम अडे घेऊन आल्या. "एवढा वेळ लागतो?"

"एक फाईल अडलीय."

"कुठली?"

"अच्छम्माची."

अम्मायींनी ताटली टेबलावर ठेवली. नजर भाचीवर होती. पडद्याकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"पंखा जरा जवळ घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"घ्या."

दोघी बसून राहिल्या. अडे गार झाले. ऊन अंगणातून कुंपणापर्यंत सरकलं, तेव्हा कुठे फाईल निघाली.

"निघाली म्हणजे धड आहे असं नाही," श्रीकला म्हणाली. "ऐकून बघावी लागेल." आणि तिने ती लावली.

आधी नुसता वारा आणि कावळे. मग आजीचा आवाज, जरा घोगरा, पण ठणठणीत. "बाग तंकमणीला. विहिरीचं पाणी दोघांना. दिवाकरन रुसेल. रुसू दे. जेवायला मात्र बोलवत जा त्याला."

मग खोकला, आणि संपलं.

श्रीकलाने मान वर केली नाही. अम्मायी उठल्या आणि पंखा बंद करून पुन्हा येऊन बसल्या.

"हे शेवटचं मी विसरलेच होते," त्या हळूच म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत नवी डिस्क बसली, सिस्टीम बसली. पडदा स्वच्छ निळा झाला. श्रीकलाने काढलेलं सगळं जागच्या जागी परत ठेवलं आणि दोन छोट्या डिस्कांवर त्याच्या दोन प्रती केल्या.

"एक तुमच्या कपाटात ठेवा," तिने सांगितलं. "दुसरी या घरात नको. आग लागली, चोर आले, तर दोन्ही जातात. विश्वासातल्या कुणाच्या तरी घरी ठेवा."

अम्मायींनी दुसरी डिस्क उचलली. उरलेले अडे डब्यात भरले आणि डबा नि डिस्क दोन्ही श्रीकलाच्या पिशवीत घातली.

"अम्मायी, मी अच्छनच्या घरात राहते."

"ठाऊक आहे मला, तू कुठे राहतेस ते."

"यात केसचं सगळं आहे. अच्छम्माचं बोलणंसुद्धा."

"असू दे." अम्मायींनी पिशवीचे बंद जुळवून तिच्या हातात दिले. "दिवाकरनला म्हणावं, कपाटात ठेव. त्याच्याकडे ठेवलेलं लहानपणापासून कधी काही हरवलं नाही."