खुंटीवरचा कोयता

२०१९ साली दिंद्रुडचे पाहुणे शिरूर कासारला सुंदरबाईंचं घर बघायला आले, त्यांच्या लेकासाठी, अंगदसाठी, पाहुण्यांच्या सायलीचं स्थळ ठरत आलं होतं. ज्या कोयत्यानं ऊस तोडून सुंदरबाईंनी लेकाला मास्तर केलं, तो काम सुटल्यावरही दाराजवळच्या खुंटीला होता.

"आई, आज तरी काढ तो. लोक बागायतदार हायेत. ऊसतोडे म्हणून पाठ फिरवतील," अंगद म्हणाला.

सुंदरबाईंनी तो बाजेवरच्या गोधडीखाली सरकवला. नेमकी सायलीची आई तिथंच टेकली आणि "अगं बया!" म्हणत उठली. कोयता उघडा पडला. अंगदचं तोंड उतरलं.

सायलीच्या आईनं मुठीवरून हात फिरवला. "लई झिजलीय हो. आमची बागायत बी ह्याच्यावरच उभी हाय. तुमी आमच्याकडं आलता, तवा सायलीनं आमचा कोयता कणगीत दडवलता."

लग्न झालं. दोघी विहिणी दर दसऱ्याला आपापला कोयता धुऊनपुसून पुजतात.

अंगद-सायलीच्या बीडच्या फ्लॅटमध्ये मात्र, पाहुण्यांना आल्याआल्या दिसतील अशा, शोभेच्या दोन तलवारी टांगल्यात. त्या तलवारींनी आजवर काकडीसुद्धा कापलेली नाही.