मिक्सरची चिठ्ठी

आमच्या ठकूला ऑटिझम आहे. तिला मी घरीच वाचायला शिकवते. डब्यातली चिठ्ठी काढायची, वाचायची आणि त्या वस्तूवर नेऊन चिकटवायची, हा आमचा रोजचा खेळ. फ्रीज, आरसा, कपाट, मिक्सर.

आज खेळ रंगात आला होता, तेवढ्यात नणंदबाई आल्या आणि सोफ्यावर टेकायच्या आधीच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"अगं, हिला नाही जमायचं वाचायला. उगीच जिवाचा आटापिटा करतेस. आमच्या धाकट्याचं बघ..."

मिक्सर लागला की ठेवते तसे ठकूने दोन्ही कानांवर हात ठेवले. मग काहीतरी ठरवल्यासारखी ती पुन्हा डब्याकडे वळली. नणंदबाई बोलतच होत्या.

निघताना त्यांची नजर ओट्यावर गेली. "बघ, मिक्सर राहिलाच! मी म्हटलं नव्हतं?"

त्या चप्पल घालायला वाकल्या आणि मला त्यांच्या पाठीवर, अगदी मधोमध, ती चिठ्ठी दिसली.

"ताई, तिची एकही चिठ्ठी चुकलेली नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

ठकूने माझी बाही ओढली. "आई, आत्याचं बटण कुठंय?"