नखाएवढं

आईचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून दुपारी धाकटी तिच्या उजव्या हाताची नखं कापत बसली होती. धाकटी भूकंपमापन केंद्रात नोकरीला.

“ताईकडे एकदा जाऊन ये ना, आई.”

“मला न विचारता लग्न केलं तिनं. मी इथून तसूभरही हलायची नाही.”

“हलतेयस की. आपण बसलोय तो अख्खा भूपट्ट डोंगराकडे सरकतोय, ताईच्या बाजूला. ही नखं वाढतात ना, त्याच वेगाने.”

“केंद्रात हेच शिकवतात वाटतं? आईला कसं गुंडाळायचं ते?”

पण जेवणानंतर तिचे डोळे जडावले होते. तिला वाटलं, खाट, कपाट, दोरीवरचे कपडे, सगळं बिऱ्हाड घेऊन घर खरंच निघालंय, संथ पाण्यावरून होडी जावी तसं.

“मग अडतं कुठे?” तिने डोळे मिटूनच विचारलं.

“कडेला. दोन्हीकडचे खडक एकमेकांत रुतून बसतात. मागून रेटा चालूच असतो, पण हटत कुणीच नाही. ताण साठत जातो, आणि एक दिवस खडक असे निसटतात की वरची घरं पडतात.”

“सगळीकडे असंच?”

“नाही. काही ठिकाणी ते जरा जरा सरकत राहतात. तिथे कपातला चहासुद्धा हिंदकळत नाही.”

धाकटीने शेवटचं नख कापलं. आईने हात मागे घेतला नाही.

“फोन लाव तिला,” ती म्हणाली. “बोलणार नाही मी. नुसती ऐकेन.”