सरदाराचा पिंड

कावळा काही पिंडाला शिवेना.

गुंडू थडग्यापाशी हात जोडून बसला होता. आखातातल्या या बुदैयाच्या रस्त्याकडेला असे कितीतरी मातीचे ढिगारे, आणि एकेकाच्या पोटात एकेक थडगं. भर दुपारीही त्याच्या अंगावर काटा होता. समोर पत्रावळीच्या जागी कागद, त्यावर डब्यातल्या भाताचा गोळा, वर मनामाच्या दुकानातले काळे तीळ. खजुराच्या झाडावर चार कावळे बसले होते. गोळ्याकडे बघत होते आणि ढिम्म हलत नव्हते.

आठ दिवसांपूर्वी त्यानं आणि खोदकामावरच्या जोडीदारानं, रावजीनं, या ढिगाऱ्यातली शिळा उचलली होती. आत चार हजार वर्षांपूर्वीचा कोणी सरदार कुशीवर निजला होता. गुडघे पोटाशी, हात तोंडापाशी, उशाला तांब्याचा भाला. गळ्यातल्या शिक्क्यावर गलबत कोरलेलं. खोदकामाचे साहेब हरखून म्हणाले, जहाजांचा धनी असणार, मोठ्या मानानं पुरलाय.

तिसऱ्या दिवशी रावजी शिडीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडून सलमानियाच्या इस्पितळात गेला. त्याच दिवशी गुंडूला खड्ड्यातून खोकला ऐकू आला. कोरडा, धाप लागलेला. मग रोजच यायला लागला. आता पाळी आपली, हे त्यानं ओळखलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथं तर राक्षसाच्या उशाला भालाही होता.

मेलेल्याचं मन कशात अडकलं असेल, तर कावळा शिवत नाही. गुंडू एकेक वचन देत गेला. तुझ्या भाल्याला हात लावणार नाही. शिक्का परत ठेवायला साहेबांच्या पाया पडेन. शिळा स्वतः लावीन. कावळे बसूनच राहिले.

ट्रक चालवणारा नझीर लांब सावलीत बसून हे सगळं बघत होता. रत्नागिरीकडचा माणूस, शेजारपाजारचे दहाव्या-बाराव्याचे विधी लहानपणापासून बघितलेला. तो उठून जवळ आला.

"गुंडू, तुझ्या वडलांच्या दहाव्याला तरी शिवला होता काय रे?"

गुंडूचा हात खिशातल्या पाकिटाकडे गेला. वडील ब्याण्णवच्या गणपतीत दम्यानं गेले. आजारपणात त्यांनी दोनदा बोलावणं धाडलं होतं. लीव मिळत नाही, असं त्यानं दोन्ही वेळा कळवलं. पुढं भावाचं पत्र आलं: संध्याकाळपर्यंत कावळा आला नाही, शेवटी दर्भाचा करून शिववला. वर्ष झालं, ते पत्र त्याच्या पाकिटात होतं. त्यानं कोणाला दाखवलं नव्हतं.

खड्ड्यातून पुन्हा खोकला आला. या वेळी गुंडूनं तो ओळखला.

सरदाराची भीती परवडली असती.

"बाबा," तो म्हणाला, "लीव मिळाक नाय म्हणान खोटा सांगलंय. नोकरी जायत म्हणान भियालंय. मी लीव मागूकच नाय."

त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच कावळा कागदावर उतरला.