युकाता

ओसाकातली नोकरी उमाकांतांनी लेकीला नाकारायला लावली, आणि पुढच्याच रविवारी त्यांच्या बेंगळुरूच्या घरी बेळगावहून स्थळ आले. भिंतीवरचे ईराचे युकातातले छायाचित्र पाहून मुलाची आई म्हणाली, “हा जपानी पोशाख नेसून दाखव की गं!” “जा, दाखव. एवढी वर्षे जपान जपान केलंस, आज तरी उपयोगी पडू दे,” उमाकांतांनी फर्मावले. युकाता नेसवून घेताना ईरा आईला दरवेळी बजावत असे, “डावी बाजू वर, आई. उजवी वर फक्त प्रेताला नेसवताना घेतात.” आज तिने आईला न बोलावता खोलीचे दार लावून घेतले. बाहेर येऊन ती पाहुण्यांसमोर कमरेत वाकली. “अगं बाई, अगदी बाहुलीच! आमची पसंती समजा,” पाहुणीने टाळ्या वाजवल्या. उमाकांतांचा चेहरा उजळला. चहा ओतणाऱ्या आईचा हात तेवढा थांबला; उजवी बाजू वर होती.