पिकअपची भारक्षमता

“और आदमी लोग?” तस्नीमने विचारले.

जयप्रकाशने मान वर केली. निझव्याबाहेरच्या तिच्या आवारात तो सकाळपासून वजाबाकी करत होता. तस्नीम भाड्याने देत असलेला राहण्याचा ट्रेलर पिकअपमागे आकड्याला लटकणारा नव्हता. त्याची लांब मान थेट पिकअपच्या हौद्यात टेकत होती आणि ट्रेलरच्या वजनाचा पाचवा हिस्सा पिकअपच्या पाठीवर येत होता. पिकअपने किती पेलावे, तो आकडा दाराच्या चौकटीवर चिकटवलेला होता: सातशे ऐंशी किलो. मानेचा भार आणि ती अडकवण्याचे लोखंड वजा जाता दोनशे उरत होते. मागच्या सीटवर छतापर्यंत रचलेले सामान त्याने हातकाट्याला टांगून, एकेक बोचके तोलून घेतले होते. एकशे तीस. हिशेब बसत होता.

“आदमी का क्या?”

“गाडी में बैठेंगे ना? तो वजन है.”

विमानात माणसाला कुणी तोलत नाही. दार्सैतच्या खोलीत, आखातातल्या नोकरीच्या सव्वीस वर्षांत, प्रत्येक सुट्टीआधी त्याने बॅगा काट्याला टांगल्या होत्या. मिक्सर, बदाम, बायकोसाठी अत्तरे हे सारे तीस किलोंत बसवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतःला त्या काट्याला टांगावे, असे त्याला कधी सुचले नव्हते. तसे ते कुणालाच सुचत नाही.

उरले सत्तर. म्हणजे एक माणूस, तोही बेताने जेवणारा.

शुभदा, त्याची बायको, ट्रेलरच्या सावलीत उभी होती. पुण्यातल्या शाळेतून ती नुकतीच निवृत्त झाली होती. त्याचीही नोकरी मागच्या महिन्यात संपली होती. आता हा एक हिवाळा दोघांचा, दुक्मपर्यंतच्या किनाऱ्याने. सुट्टीच्या महिन्यापलीकडे एका छपराखाली राहण्याची ही त्यांची पहिलीच वेळ ठरणार होती. छपराला चाके होती, इतकेच.

“थोडा सामान ट्रेलर में डाल दूँ?”

“ट्रेलर भी फुल है. आपने ही भरा,” तस्नीम म्हणाली. “यल्ला, जल्दी सोचो. ऐसे तो मैं चाबी नहीं दूँगी.”

जयप्रकाशने डोंगराकडे पाहिले. उन्हात तो वितळून थंड झालेल्या शिशासारखा पडून होता. त्याच्याकडे काही सुचवण्यासारखे नव्हते. मग एकाएकी जयप्रकाशचा चेहरा उजळला.

“असं करू,” तो शुभदाला म्हणाला. “मी सामान घेऊन पुढे होतो. तू टॅक्सीने मागून ये.”

“दुक्मपर्यंत?”

“मुक्कामाला भेटूच की रोज.”

तस्नीमला मराठी येत नव्हते. तरी तिने दुसरीकडे पाहिले.

शुभदाने पिकअपचे मागचे दार उघडले आणि एकेक वस्तू खडीवर ठेवू लागली. इडलीपात्र. शिलाई मशीन. गुडघे शेकण्याची पिशवी. तीन प्रकारच्या उशा. जयप्रकाश तिच्या मागे मागे फिरत होता. अगं, ते राहू दे. अगं, त्याच्यावाचून तुझं अडेल.

“अगं, हे सगळं तुझ्यासाठीच घेतलंय!” अखेर तो म्हणाला. “तुला काही कमी पडू नये म्हणून.”

“ठाऊक आहे,” हातातले पुरणयंत्र खाली ठेवत शुभदा म्हणाली. “पुण्याचं घरही तुम्ही असंच भरलंत. तिथेही एकाच माणसापुरती जागा उरली होती.”